दारातला डोलोमाइट

आमच्या घरात कुठल्याही डब्यात त्या डब्याचं सामान नसतं. बिस्किटाच्या डब्यात सुया-दोरे, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी, आणि आइस्क्रीमच्या डब्यात तर काहीही. हे जन्मापासून ठाऊक असूनही मी माझा डोलोमाइट आइस्क्रीमच्या डब्यात घालून देवघराजवळच्या फळीवर ठेवला. आता बोला!

डोलोमाइट हा चुनखडकाचाच भाऊ. फरक इतकाच, की त्यात कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियमही ठाण मांडून बसलेलं असतं. ते आत शिरलं कधी? समुद्राच्या तळाशी गाळ साचतानाच, की खडक झाल्यावर त्यात पाणी मुरत गेलं तेव्हा? एवढ्या एका प्रश्नावर मी अमरावतीला पीएच.डी. करत होते. खडक वणीकडचे, अब्जभर वर्षांपूर्वीचे. तिथे तेव्हा समुद्र होता असं सांगितलं, की आमचे अकोल्याचे मामा शेंगा फोडता फोडता विचारत, "मंग आता आमच्या नळाले पाणी कावून येत नाई?" आणि पाठोपाठ, "दगडाची डॉक्टर होऊन रायली म्हणते. पण दगडाले बिमारी काय झाली?"

डब्यात होता तो माझा सगळ्यांत लाडका नमुना, डी-सात. तो ज्या थरातून आणला, त्या थराला खाणवाल्यांनी सुरुंग लावला आणि त्याची गिट्टी होऊन कुठल्या तरी रस्त्यात गेली. उरली होती ती मी अकीक दगडाच्या खलात हाताने घोटलेली वाटीभर पूड. घोटताना आई म्हणाली होती, "मिक्सर हाय ना घरात." मिक्सरच्या पात्याचं लोखंड पुडीत उतरतं हे समजावताना माझा आवाज चढला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. ही पूड सोमवारी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जायची होती. ती गेली नाही, तर माझ्या प्रबंधाचा मधला सगळा भागच गेला.

आणि रविवारी मला पाहायला अकोटचे पाहुणे येणार होते.

बाबा त्यांना आणायला बस स्टँडवर गेलेले. मी आत साडीच्या निऱ्यांशी झटत होते. बाहेरून आई करवादली, "कोणत्या दुकानातून आणली वं ही रांगोळी? लयच मऊ हाय, चिमटीतून सुटतच नाई! अन् मळकट दिसते ते येगळंच."

अर्धवट निऱ्या धरून तशीच धावले. दारात हा भलामोठा मोर! पिसारा पार गेटापर्यंत. डबा रिकामा.

"अवं आई, हे काय केलं! डब्यावर डी-सात लिवलं होतं ना!"

"मले वाटलं डिझाईन नंबर सात."

रडावं की हसावं कळेना, म्हणून मी ओरडले. मोराच्या अंगावर हळदीकुंकवाचे ठिपके पडले होते. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, चुना म्हणजे कॅल्शियम. अब्ज वर्षं जपलेला खडक आईनं एका चिमटीत बाटवला! पिसारा मात्र अजून कोरा होता. हाताशी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका लागली. ती घेऊन मी खाली बसले आणि फरशी न खरवडता वरची वरची पूड अलगद उचलू लागले.

तेवढ्यात ऑटो थांबला. नवरदेव, त्याची आई, मावशी आणि मागून हसत हसत बाबा. मावशीनं पाय उचलला तो नेमका पिसाऱ्यावर.

"थांबा!" मी किंचाळले.

सगळे गेटातच खिळले. बाबांचं हसू मावळलं. नवरदेवानं मोबाइलात डोकं घातलं. त्याची आई म्हणाली, "पोरगी रांगोळी कावून उचलून रायली? आमी आलो ते आवडलं नाई काय?"

आई माझ्यावर डोळे वटारून उभी होती. मी हळूच म्हटलं, "आई, दुसरी नाई भेटत वं. थो दगडच आता कुठी नाई." आता ही दंडाला धरून आत नेणार, असंच मला वाटलं. तिनं कपाळावर हात मारला. मग इस्त्रीची साडी वर खोचली, माझ्या शेजारी फतकल मारली आणि गेटाकडे न बघताच म्हणाली, "पाव्हणे, थांबा जरासेक. पोरीचं काम हाय." मी वळून तिच्याकडे बघायला गेले, तशी हातातली पत्रिका कलली. "हलू नको, सांडन," ती खेकसली. पाहुणे उन्हात उभे. बाबा त्यांना आमच्या वाडीतल्या मेथीबद्दल सांगत सुटले.

चमचाभर निघाली. प्रयोगशाळेला तेवढी पुरली.

आठवड्यानं अकोटहून मावशीचा फोन आला. आईनं स्पीकर लावला. "पोरगी शिकेल हाय, दिसायले बी चांगली. पण पाव्हण्याईले दारात उनात उभं ठेवते, असं कसं जमन?"

आता ही गयावया करणार, म्हणून मी मान खाली घातली. आईनं फोन तोंडाजवळ आणला.

"पोरीनं नाई, म्या ठेवलं उभं. अन् काम पडलं तं अखीन ठेवीन."