चिंचेवरची खाच
फाटकाला निळा ऑइल पेंट लावत होतो, आणि त्या वासाने वैनगंगेकाठची मासे विकणारी एक म्हातारी आठवली. नगरपंचायतीचा माणूस म्हणून मी तिच्या पडक्या भिंतीवर असल्याच निळ्या रंगाने पूररेषा मारली आणि सांगितलं, इथे आता घर बांधता येणार नाही. नाल्यापलीकडे ग्रामपंचायतीची हद्द, तिथे असली रेषाच नव्हती, आणि तिच्या बहिणीचं घर आणखी खाली उतारावर उभं राहत होतं. “तिले बांधू देतेत, मंग मले काऊन नाई, साहेब?” दिवसभर हाच प्रश्न ऐकून मी थकलो होतो. तिने शेजारच्या चिंचेवरची खाच दाखवली. पुराचं पाणी चढेल तिथवर तिचे लोक कोयत्याने खूण करत. ती माझ्या रेषेच्या हातभर वर होती. मी नकाशाप्रमाणेच रेघ पुढे ओढली. याच गावातल्या स्वतःच्या या घराचं जोतं मात्र मी त्या खाचेच्या उंचीहून वर घेतलं.