सांबारवडी आणि मुंबईची लाइन

सत्तरच्या दशकात नागपूरच्या रेडिओवर मी नाटकांतून कामं करायची. वय फार नव्हतं, पण आवाज जाडसर, म्हणून साऱ्या आया आणि सासवा माझ्याच वाट्याला यायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. सासवांना संवाद चांगले असतात.

एकदा मुंबई आणि नागपूर केंद्रांनी मिळून एक नाटक थेट प्रसारित करायचं ठरवलं. मुलगा मुंबईच्या स्टुडिओत, आई, म्हणजे मी, नागपुरात. आवाज जायचा-यायचा टेलिफोन खात्याच्या खास लाइनवरून. हेडफोन लावला की मुंबईचा मुलगा खरखरीतून माझ्याशी बोलायचा. मला त्याची भारी गंमत वाटे.

नाटकाचा सगळा जीव एका जागी होता. मुलगा सांगतो, 'आई, मी आता परत येणार नाही,' आणि आई काहीच बोलत नाही. बराच वेळ. मग एवढंच विचारते, 'जेवलास का?' त्या शांततेसाठीच मला ही भूमिका हवी होती.

तालमीत मी तिथे गप्प झाले आणि लाइनच मेली. आमच्या एक्स्चेंजवरच्या ऑपरेटर बाईंनी जोडणी काढून टाकली होती. मी फोन करून त्यांना चांगलं झापलं.

"तुमी चूप झाल्या, मले वाटलं बोलणं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"अहो, चूप राहणंच माझं काम आहे तिथे!"

मुंबईचे दिग्दर्शक मात्र घाबरले. तिथे हुंदके द्या, म्हणाले, नाहीतर आईसाठी मुंबईचीच नटी घेतो. हुंदके! माझी स्वतःची आई कधी हुंदके देत बसली नव्हती. मी नुसतं 'बघू' म्हटलं.

प्रसारणाच्या संध्याकाळी लाइन लवकर जोडली. ती तुटू नये म्हणून नाटक सुरू होईपर्यंत कुणीतरी बोलत राहायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. आमचे इंजिनिअर त्यासाठी वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता, म्हणून माइकपुढे मी बसले. बातम्यांचा मला कंटाळा, तेव्हा सांबारवडी सांगायला घेतली. सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, धुऊन पंच्यावर कशी सुकवायची, सुकं खोबरं कितपत भाजायचं. खसखशीपर्यंत आले आणि प्रसारणाचा लाल दिवा लागला.

ती जागा आली. मुलगा बोलला. मी गप्प झाले, हुंदका दिला नाही. आता लाइन गेली तर नाटक सगळ्यांच्या देखत बुडणार आणि मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. पण कानातली खरखर थांबली नाही. मनासारखं गप्प राहून झाल्यावर मी विचारलं, 'जेवलास का?' मुंबईत मुलाचा आवाज खरोखरच भरून आला.

नाटक संपलं. दिग्दर्शक 'वा, वा' करून गेले. मी हेडफोन काढणार, तोच लाइनवर ओळखीचा आवाज आला.

"बाई, तुमी चूप झाल्या तवा मी दोन्ही हात मांगं बांधून बसली होती. तुमी पोराले जेवणाचं इचारलं, अन् मले रडूच आलं."

मला इतका आनंद झाला की शब्दच फुटेना.

"आता काहून चूप झाल्या?" त्या म्हणाल्या. "खसखस किती टाकाची, थे सांगा ना!"