संस्थांच्या कामाचा दर

मी बी.कॉम. झालो तेव्हा शिरूरच्या आमच्या आळीत वडिलांनी पेढे वाटले. घरात त्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. वडील शिंपी. पुढे पुण्यात दोन वर्षं एका हिशेब तपासनिसांच्या हाताखाली राहून मी सार्वजनिक संस्थांच्या कागदपत्रांचं काम शिकलो. वाचनालय, तालीम, शिक्षण मंडळ, बालवाडी, काहीही काढायचं तर घटना लिहावी लागते, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, विश्वस्त बदलले की कळवावं लागतं. सत्तरच्या दशकात आमच्या भागात अशा संस्था गावोगाव निघत होत्या आणि हे कागद करून देणारं जवळपास कुणी नव्हतं. आज अशा माणसाला सल्लागार म्हणतात. मला लोक ‘संस्थावाले’ म्हणायचे.

काम भरपूर होतं, मिळकत नव्हती. समाजाच्या कामाचे पैसे मागायला माझी जीभ रेटत नसे. मंडळींनाही ते सोयीचं होतं. वार्षिक सभेत ते मला पुढे बोलावत, टॉवेल-टोपी आणि नारळ देत, टाळ्या होत. आमच्या फडताळात नारळांची रांग लागली होती. आई म्हणायची, “ह्या नारळासंगं कुणी भाकरी बी देतंय का, ते इचार की एकदा.”

वडील कमी बोलत. एक दिवस मशीन थांबवून म्हणाले, “पाडव्यापतूर बघ. न्हाई जमलं तर कारखान्याच्या हापिसात कारकुनाची जागा हाय. मी शब्द टाकून ठेवलाय.”

नोकरी वाईट नव्हती. पण मला हे काम आवडत होतं. न्हावऱ्याकडच्या एखाद्या गावात माणसं पारावर बसून आपल्या वाचनालयाची घटना पहिल्यांदा ऐकत, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघण्यासारखं असे. ते सोडायचं नव्हतं. म्हणून मी एक दरपत्रक केलं. कामाचे दोन भाग पाडले: नवी संस्था उभी करणं आणि वर्षभराची कागदपत्रं सांभाळणं. दोन्हींत काय काय येतं ते सुवाच्य अक्षरात, खाली कार्बन घालून लिहिलं. दराच्या रकान्यात काय लिहावं ते मात्र सुचेना. शेवटी दोन्हीकडे लिहिलं, ‘यथाशक्ती’. त्या शब्दाचा मला अभिमानच वाटला होता.

ते कागद घेऊन मी दौंडला गेलो. तिथे रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत एक महिला मंडळ बालवाडी चालवत होतं. त्यांचा विश्वस्त बदलाचा अर्ज माझ्याकडे तीन महिने पडून होता आणि त्या एका कागदावाचून बालवाडीचं अनुदान अडलं होतं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. अर्ज तयार करून नेला आणि सोबत दरपत्रकही ठेवलं.

अध्यक्षबाई पन्नाशीच्या, बौद्ध समाजातल्या. यजमान रेल्वेत गँगमन. खजिनदार होत्या वस्तीतल्याच एक मुसलमान भाभी. बाईंनी कागद दोनदा वाचला.

“यथाशक्ती म्हंजी काय, भाऊ?”

“म्हणजे ताई, तुम्हाला जमेल तेवढं.”

“आमची शक्ती तुम्ही कशाला मोजताय? तुमच्या कामाचं काय ते सांगा.”

भाभी हसल्या. “हे तर दर्ग्याच्या पेटीवर लिहितात, भाऊ. शिंप्याच्या दुकानात कुणी यथाशक्ती पायजमा शिवतं का?”

मी शिंप्याचा मुलगा हे त्यांना माहीत नव्हतं. माझे कान तापले.

बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यानं गावकीची कामं केली. सांगावा न्या, मेलेलं ढोर वढा. दर न्हाई. सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, ‘द्याल ते घेतो’ म्हनायचं. ते आम्ही सोडलं. आता तुम्ही शिकून-सवरून तेच धरलंय व्हय?”

मी दरपत्रकाची घडी घालू लागलो.

“आन् दुसरं सांगते,” त्या म्हणाल्या, “हा अर्ज तीन महिनं ऱ्हायला. आम्ही बोललो का? फुकटचं काम करणाऱ्याला बोलायचं कसं? बालवाडीच्या बाईला दोन महिनं पगार न्हाई दिला आम्ही.”

मी फुकट काम करून उपकार करतो आहे, अशा समजुतीत होतो. शिरूरच्या एस.टी.त बसल्यावर ते कागद पिशवीतून बाहेर काढवेनात.

रविवारी सकाळी दुकानात वडिलांना सगळं सांगितलं. ते हसले, मग टेप गळ्यात टाकून म्हणाले, “माप घेतल्याबिगर दर सांगू न्हाई. आन् दर सांगितल्याबिगर कात्री लावू न्हाई. कापड गिऱ्हाइकाचं. धागा-बटन आन् हात आपलं.”

त्यांच्या बाजूला बसून मी प्रत्येक कामाचं माप घेतलं. घटना लिहायला किती दिवस, पुण्याला किती खेपा, सभांची इतिवृत्तं उतरायला किती वेळ. एस.टी.चं भाडं, टायपिंग, स्टँप हे कापड. ते संस्थेनं जसं होईल तसं द्यायचं. माझ्या हाताचा दर वेगळा. निम्मे पैसे कामाआधी, आणि काम कुठल्या तारखेला देणार तेही कागदावर. वर्षभराच्या कामाचे साठ रुपये लिहिले. वडिलांनी आकडा बघितला आणि ते सुई ओवू लागले.

नवं दरपत्रक घेऊन पुन्हा दौंडला गेलो, तर बाईंनी पेन्सिल मागितली. “इतिवृत्त आम्ही लिहू. आमच्यातली एक सातवी शिकलीय.” त्यांनी ती ओळ खोडली.

“मग दहा रुपये कमी करतो,” मी म्हणालो.

“तुमचा दर तुम्हीच पाडता? त्या दहात आम्हाला हिशेब लिहायला शिकवा. चार खेपा या.”

असा माझ्या कामाचा तिसरा प्रकार ठरला: शिकवून देण्याचं काम. तो माझ्या डोक्यातून आला नव्हता. पुढे सगळ्यांत जास्त मागणी त्यालाच आली. खुटबावच्या वाचनालयानं तोच घेतला, कोरेगाव भीमाच्या तालमीनंही.

सगळीकडे असं झालं नाही. शिरूरच्या एका शिक्षण मंडळाचे अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, “वा! समाजसेवेची बी टपरी निघाली म्हणायची!” आणि त्यांनी काम काढून घेतलं. आणखी चार संस्था गेल्या. पाडव्याला राहिल्या अकरा.

वडिलांनी यादी वाचायला लावली. विचारलं, “आधी पैसं किती जणांनी दिलं?”

“सात जणांनी.”

ते उठले. मग टोपी घालून, ज्यांच्याकडे शब्द टाकला होता त्यांना नोकरी नको म्हणून सांगायला स्वतःच गेले. मला पाठवलं नाही. त्या सकाळचे उपकार कसे फेडावेत, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्या वर्षीच्या तिसऱ्या खेपेला दौंडला मी बालवाडीचा वार्षिक अहवाल घेऊन गेलो होतो. भाभींनी तो हातात घेतला आणि मध्येच थांबल्या.

“भाऊ, पोरं एकेचाळीस आहेत. तुम्ही एकतीस लिहिली. दहा पोरं कुठं सांडली?”

बायका खो खो हसल्या. बाई म्हणाल्या, “पुन्हा लिहा. आत्ताच. पैसे मोजलेत आम्ही.”

मी पोरांच्या बुटक्या पाटावर बसून ते पान पहिल्यापासून लिहून काढलं. भाभींनी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ते तपासलं, आणि मगच चहा आला.