स्पीकरची घरघर
तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन पाहिली की मला वारज्याच्या फ्लॅटमधली ती सकाळ आठवते. आम्ही पहिलाच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याचे स्पीकर गाणं लावलेलं नसतानाही घरघर करत. मी आठवडाभर एकेक वायर बदलून वहीत नोंदी केल्या. शेवटी कॉम्प्युटरच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन पकडीने उपटली आणि घरघर थांबली. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना बायको कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला ओला हात टेकून उठायला गेली आणि तिथेच चिकटली. तिच्या तोंडून आवाजही फुटेना. बटण टेबलामागे होतं, म्हणून मी धुण्याचं लाकडी धोपटणं उचलून तिच्या हातावर हाणलं. पहिल्या फटक्याने हात सुटला नाही. दुसऱ्याने हाड मोडल्याचा आवाज आला आणि ती लांब फेकली गेली. उघड्या दारातून शेजारच्या काकांना दिसलं ते एवढंच. "बायकोवर हात उचलता? लाज वाटते का?" म्हणत त्यांनी माझ्या तोंडावर असा ठोसा मारला की ओठ फाटून शर्ट रक्ताने भरला. "अहो काका, करंट होता!" मी ओरडलो. बायको फरशीवरूनच धापा टाकत म्हणाली, "मारू द्या त्यांना. पिन कोणी काढली?" नंतर कॅबिनेट उघडलं तेव्हा कळलं, आतली एक वायर सोलली होती, तिच्या करंटची गळती अर्थिंगवाटे जात होती आणि तीच घरघर होती; पिन काढल्यावर तो करंट पत्र्यातच राहिला. बायकोची करंगळी अजून वाकडी आहे. कोणी विचारलं तर ती "यांनी मारलं" एवढंच सांगते आणि पुढचं मला सांगायला लावते.