अक्रा ते लुसाका, पाच तास वीस मिनिटं

इकडे अमेरिकेत, कॅरीत आमच्या शेजारी राहणारा यतीन पोटासाठी अंतरं मोजतो. प्रवासाच्या एका वेबसाइटवर कुठल्याही दोन शहरांची नावं टाका, मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ समोर येतो. तो हिशेब यतीनने बसवलेला. नकाशावर सरळ रेघ, तिला विमानाच्या वेगाने भागायचं, वर अर्धा तास. त्या रेघेवरून विमान खरंच जातं का, हे कोणी बघत नाही. गेल्या वर्षी एकाने तशी तक्रार केली होती. एवढं कोण मनावर घेतं यार, म्हणत यतीनने ती क्लोज केली. हे त्याने मला हसत सांगितलं आणि मीही हसलो.

मार्चमध्ये त्याचे वडील गेले. ते आफ्रिकेत, लुसाकाला त्याच्या बहिणीकडे, शुभाताईकडे असायचे. सात वर्षं त्यांचं खाणं, औषधं, अंघोळ, सगळं तिनेच केलं. थोरला भाऊ सत्यजित अक्राला नोकरीत. आणि यतीनच्या व्हिसाचा स्टॅम्प कधीचा संपलेला. देशाबाहेर पडला तर परत कधी येता येईल याचा भरवसा नाही, नोकरीचाही नाही. सात वर्षं त्याने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आताही तो जाणार नव्हता.

ताईचा फोन आला तेव्हा मी त्याच्या घरीच होतो. संध्याकाळी अग्नी द्यायचाय, मीच देते, असं ती म्हणाली. यतीन स्वतः जागचा हलणार नाही, पण रीत मात्र साहेबांना हवी. त्याने लॅपटॉप उघडून अक्रा आणि लुसाका ही दोन नावं टाकली. तीन हजार नऊशे किलोमीटर, पाच तास वीस मिनिटं.

"ताई, थांब. दादा संध्याकाळपर्यंत पोचतो. मुलगा असताना तू कशाला?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जे कोणी मनावर घेणार नव्हतं, ते हिशेब बसवणाऱ्यानेच घेतलं. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी समोर बसून गप्प राहिलो होतो.

ताई थांबली. थेट विमान नव्हतंच. सत्यजितला दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं, तेही अदिस अबाबावरून, आणि तिथे पुढचं विमान चुकलं. तो तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर शुभाताई शवागाराबाहेरच्या बाकावर बसून होती. अग्नी सत्यजितने दिला. ताईला बायकांमध्ये मागे उभं केलं.

तेरावं झाल्यावर तिचा फोन आला. यतीन आणि मी स्वयंपाकघरात होतो, फोन स्पीकरवर. तो रडवेला होऊन सांगत राहिला की चूक झाली, वेबसाइटचं ते पान आजच दुरुस्त करतो.

"राहू दे," ताई म्हणाली. "मी बाबांच्या उशाशी होते, यतीन. ते अंतर किती दाखवत होतं तुझं पान?"

फोन तिनेच ठेवला.