समाहीजचे शिंपले आणि सासूबाईंचा डबा

बहरीनमध्ये मला अकरा वर्षं झाली, पण इथल्या समुद्राशी माझा संबंध पाइपातून येतो तेवढाच. खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात मी केमिकल इंजिनियर आहे. समुद्र मला आकड्यांत ठाऊक आहे, लाटांत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेपाचला मी टोपी घालून सासूबाईंना गाडीत बसवू लागलो, तेव्हा गुदैबियातल्या आमच्या इमारतीचा नातूर (रखवालदार) हातातला झाडू थांबवून बघतच राहिला.

"कहाँ साब, एअरपोर्ट?"

"नहीं. समुंदर."

"क्यों?" असं त्याने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

सासूबाईंना मी सांगितलं होतं, मुहर्रक बेटावर समाहीज नावाचं मोत्यांच्या शिंपल्यांचं गाव आहे, तिथून होडीने समुद्रात नेतात, शिंपले काढून दाखवतात, तुम्हाला आवडेल. त्यांचं माहेर रत्नागिरीजवळ खाडीकाठी. महिनाभर आमच्या सहाव्या मजल्यावर कोंडल्यासारख्या बसल्या होत्या. समुद्र म्हटल्यावर चारला उठून त्यांनी घावणे केले आणि स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले.

खरं कारण वेगळं होतं, ते वाचकांना आधीच सांगून टाकतो. सासूबाईंच्या घरात एक जुनी नथ आहे, बसऱ्याच्या मोत्यांची. घरातल्या प्रत्येक मुलीने लग्नात तीच घालायची. माझ्या बायकोने, मनीषाने, घातली आणि ती आमच्याकडेच राहिली. आता मनीषाच्या धाकट्या बहिणीचं, सायलीचं, लग्न ठरलं होतं. सासूबाई रविवारच्या विमानाने परत जाणार होत्या आणि नथ त्यांच्याबरोबर जायची होती. मनीषा म्हणाली होती, "सोनाराकडून जरा उजळून आण." मी म्हणालो, त्यात काय, मी करतो. कारखान्यात पाइपांवर चढलेला क्षार मी आम्लाने काढतो. नथीची तार काळवंडली होती, म्हणून ती वाटीभर व्हिनेगरमध्ये ठेवली. तेवढ्यात शिफ्टचा फोन आला आणि तो चांगला लांबला. पाइपातला क्षार आणि मोती रसायनाच्या दृष्टीने एकच, हे मी दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवतो. नथ वाटीत तिरकी पडली होती, म्हणून बाकीचे मोती वाचले. खालचा सगळ्यात मोठा मात्र पिठाच्या गोळीसारखा दिसू लागला.

मनामाच्या बाजारातल्या म्हाताऱ्या जवाहिऱ्याने भिंगातून तो पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खुर्चीतच लहान झालो. इथे शेतीचे (कल्चर्ड) मोती विकत नाहीत. समुद्रातला, तेवढ्याच आकाराचा, त्याच रंगाचा मोती मिळायला महिने लागतील, इंशाल्ला, असं तो म्हणाला. मनीषाने निकाल दिला, "आईला तू सांगायचंस. मी नाही. आणि विमानात बसायच्या आत." तेव्हा मी इंजिनियरसारखा विचार केला. मोती जिथे तयार होतो तिथेच जावं.

समाहीज म्हणजे अर्धं जुनं कोळ्यांचं गाव आणि अर्धे नवे बंगले. धक्क्यावर गरगूर (तारेचे घुमटासारखे मासे पकडायचे सापळे) एकावर एक रचून ठेवलेले. सासूबाईंनी उतरताक्षणी एकात खांद्यापर्यंत हात घातला. "शिरतो कळलं. भायेर का येत नाय?" त्याचा उलगडा होईपर्यंत त्या हलेनात. टपरीवर करक (दाट उकळलेला दुधाचा चहा) घेतला. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता.

आमचा नोखदा (होडीचा कप्तान) अबू जासिम, पासष्टीचा, ढेरपोट्या, पांढऱ्या मिशा. त्याने माझं रेसिडेंट कार्ड आणि सासूबाईंचा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट पाहिला, परवान्याच्या कागदावर सह्या घेतल्या.

"हा नाखवा काय?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नोखदा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"तेच ते. नाखवा," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघांची ओळख झाली. अबू जासिमचे वडील मोती विकायला मुंबईला जात, त्यामुळे त्याला हिंदी येत होती. सासूबाईंना येत नव्हती, पण त्यांचं अडलं नाही.

सासूबाई दोरखंडं बघत असताना मी अबू जासिमला बाजूला घेतलं. "दाना (मोठा टपोरा मोती) चाहिए. आज ही."

त्याला इतकं हसू आलं की त्याने कठड्याचा आधार घेतला. "मेरा दादा सारी उमर गोता मारा. दाना देखा दो बार. तुमको आज चाहिए?"

"रविवारपर्यंत चलेगा."

"इंशाल्ला," तो म्हणाला. या देशात अकरा वर्षं काढली आहेत. या सुरातल्या इंशाल्लाचा अर्थ मला पक्का कळतो.

होडी निघाली. पाणी आधी हिरवट, मग निळं, मग इतकं नितळ की तळातली वाळू दिसत होती. विमानतळाकडे उतरणारी विमानं डोक्यावरून जात होती आणि सासूबाई प्रत्येकाला हात करत होत्या. मी हे सगळं फार वेळ पाहू शकलो नाही, कारण दहाव्या मिनिटाला मी कठड्यावर ओणवा झालो. घावणे आणि करक दोन्ही समुद्राला अर्पण केले.

"लिंबू हुंगा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत लिंबू होतं. त्या स्वतः होडीच्या टोकावर मांडी घालून उरलेले घावणे अबू जासिमला खाऊ घालत होत्या. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो समुद्राच्या पाण्याने विसळून ठेवला.

हेर (समुद्रातली शिंपल्यांची जागा) आल्यावर नांगर टाकला. अबू जासिमने मला नाकाला लावायचा चिमटा दिला, गळ्यात जाळीची पिशवी अडकवली आणि दगड बांधलेल्या दोराच्या फासात पाय अडकवायला सांगितलं. पूर्वी असेच बुडत, म्हणाला. पुण्यात आमच्या विहिरीत मी मुटका मारायचो, त्या जोरावर मी होकार दिला. "यल्ला!" तो ओरडला आणि दगड मला घेऊन गेला. खाली मला सगळीकडे शिंपले दिसले. हाताला येईल ते पिशवीत कोंबलं आणि छाती फुटायच्या आत वर आलो. अबू जासिमने पिशवी पालथी केली. पाच दगड, एक फुटकी बशी.

"मफी शिंपला," सासूबाईंनी निकाल दिला. मफी (नाही) हा शब्द त्या आमच्या कोल्ड स्टोअरवाल्याकडून (खालच्या किराणावाल्याकडून) शिकल्या होत्या.

दुसऱ्या बुडीत मला तीन शिंपले मिळाले. तिसरी मारायला गेलो तर अबू जासिमला दया आली. त्याने अंगरखा उतरवला, सिगारेट विझवली आणि ढेरीसकट नाहीसा झाला. दोन-तीन बुड्यांत परवान्यात बसतील तेवढे शिंपले त्याने होडीत ओतले.

मग फळकुटावर बसून तो ते उघडू लागला. सुरीचं टोक सांध्यात, मनगटाला एक झटका, शिंपल्याची दोन झाकणं उघडी. आतल्या मांसावरून तो अंगठा फिरवायचा. काही टणक लागलं नाही की मांस खरवडून समुद्रात. पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याला सासूबाई उभ्या राहिल्या.

"अरे, अरे! कालवं फेकतोस?"

"अम्मा, ये हम लोग खाता नहीं. सिर्फ लूलू (मोती) निकालता."

"खात नाय? मग ह्यांचा जीव कशाला घेतोस रे?" हे मराठीत होतं, पण अबू जासिमला बरोबर कळलं. त्याचा हात थांबला. "इकडं दे ती सुरी."

माझ्या सासूबाई बारा वर्षांच्या असल्यापासून ओहोटीला खडकांवर कालवं फोडत आल्या आहेत, हे मी लग्नात ऐकलं होतं. पाहिलं आज. त्या उकिडव्या बसल्या आणि अबू जासिमचा एक होईपर्यंत त्यांचे तीन. कट, चर्र, डब्यात. कट, चर्र, डब्यात. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

माझी मात्र गाळण उडाली. अंगठा फिरवायचा राहिला! प्रत्येक मांस न तपासता डब्यात पडत होतं. एखाद्यात मोती असला तर तो आता थेट फोडणीला जाणार. आणि "आई, जरा चाचपून टाका" म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्या पाठमोऱ्या झाल्यावर मी डब्यात हळूच दोन बोटं घातली. गार, बुळबुळीत. पुण्याच्या आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. डोळे मिटून मी चाचपू लागलो.

हातावर फटकन चापट बसली.

"कच्चं खायचं नसतं, जावईबापू!"

मी वर पाहिलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"अहो, मग सांगायचं नाय का? नऊ वर्षं झाली, तुमी आलात की वेगळी बटाट्याची भाजी करते मी. सगळी एका बाजूला मासे खातात, तुमी एकटे तिकडं कोपऱ्यात. मला घास जायचा नाय. आणि तुमाला हौस हाय होय!"

"नाही... म्हणजे... बघत होतो," मी म्हणालो.

"लाजताय कशाला? तुमच्या आईला नाय सांगत मी."

अबू जासिम खाली मान घालून हसत होता. शेवटच्या शिंपल्यात त्याला एक मोती मिळाला. त्याने तो सन्मानाने सासूबाईंच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी डोळ्यांजवळ नेला. "मोहरी मोठी असते," त्या म्हणाल्या, पण रुमालाच्या गाठीत बांधून ठेवला.

परतताना गाडीत त्यांनी मनीषाला फोन लावला. ती सलमानियात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्युटीवर होती. "मनीषा, जावईबापू आज कालवं खाणार हायत! नारळ घेऊन ये गो. ते डब्यातच हात घालत होते!" स्पीकरवर मनीषा म्हणाली, "कोण? हा?"

दुपारी घरभर वास सुटला. ओलं खोबरं, भाजलेला कांदा, गावाहून आणलेला लाल मसाला, वर कोकम. सासूबाई स्वयंपाक करताना गुणगुणत होत्या. महिनाभरात मी त्यांचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मनीषा माझ्याकडे बघून भुवया उडवत होती आणि मी पाणी पीत होतो. ताटं मांडली. माझ्या ताटात सगळ्यांत आधी, सगळ्यांत जास्त वाढलं. बटाट्याची भाजी आज नव्हती. सासूबाई पळी हातात धरून माझ्या पहिल्या घासाची वाट बघत उभ्या राहिल्या.

माझ्याने ते बघवेना. फसवून जेवण्यापेक्षा बोलणी खाणं परवडलं.

"आई," मी म्हणालो, "नथ बिघडली. मी बिघडवली."

मनीषाने उठून डबी आणली. सासूबाईंनी नथ ट्यूबलाइटखाली धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"कशात बुडवलीत?"

"व्हिनेगरमध्ये."

"तुमी इंजिनियर ना?"

"हो."

"केमिकलचे?"

"हो."

त्यांनी नथ डबीत ठेवली आणि झाकण लावलं. मी आता कडकडाट होईल म्हणून मान खाली घातली.

"म्हणजे डब्यात हात घालत होतात, ते मोत्यासाठी."

"हो."

"कालवं नको होती तुमाला."

त्यांचा चेहरा उतरला, तो नथ बघताना उतरला नव्हता. त्यांनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि मनीषाकडे वळल्या. "बटाटे हायत का गो घरात? पटकन करते दोन."

मला माझीच लाज वाटली. मोत्यासाठी मी समुद्राच्या तळाशी गेलो होतो, आणि नऊ वर्षं माझ्यामुळे या बाईला घास जात नव्हता, ते मला दिसलं नव्हतं.

"बसा आई," मी म्हणालो. "बटाटे नकोत." आणि घास तोंडात घातला.

आधी बुळबुळीत लागलं, गिळावं की पळावं कळेना. मग खोबरं आलं, मग कोकम, मग मागून हळूच समुद्र. दाताखाली काहीतरी कट्ट वाजलं. आम्ही तिघंही थांबलो. मी ते बोटाने बाहेर काढलं. शिंपल्याचा कपचा होता.

"चालायचंच एवढं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा घाबरतच, "कसं झालंय?"

नऊ वर्षं मी त्यांच्या प्रत्येक पदार्थाला "छान" म्हणत आलो होतो. आज खोटं बोलायची ताकद संपली होती.

"मीठ कमी आहे."

त्यांनी माझ्या ताटातलं एक कालव उचलून तोंडात टाकलं. "कमीच हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं समुद्रातलं हाय, पुरेल." आणि माझ्याजवळ खुर्ची ओढून जेवायला बसल्या. मी दोनदा मागून घेतलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा भीड म्हणून, पण पहिल्यांदा हवं म्हणून.

रविवारी मनीषाची ड्युटी असल्यामुळे विमानतळावर मी एकटाच सोडायला गेलो. नथ त्यांच्या पर्समध्ये होती, तशीच. "सायली तशीच घालील," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगेन, आमच्या जावयानं धुतली. बघून घ्या, शिकलेला जावई." आणि पोट धरून हसल्या. लग्नात सगळी रत्नागिरी मला याच ओळखीने ओळखणार, हे मला तिथेच कळलं.

प्रवासाला निघालो होतो तो आपली चूक झाकायला, आणि परत आलो ते ती सगळ्या नातेवाइकांत मिरवायला. हवा तो मोती काही सापडला नाही. आत जाण्याच्या दाराशी सासूबाई वळल्या. नऊ वर्षं मी त्यांचा जावईबापू होतो, अहो-जाहोतला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"निघते रे, निखिल. नीट जेव."

मला रडू आलं. मग पार्किंगमध्ये गेलो, तर गाडी कुठे लावली होती तेच आठवेना.