वहिनीच्या कानातून सुटलेली शीळ

माझी वहिनी कानांवर जगते. जिन्यात पाऊल वाजलं की हातातली कात्री खाली ठेवते, श्वास धरते आणि पुटपुटते, "दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर." मग कात्री पुन्हा चालू. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची, मी तिला 'गुप्तहेर' म्हणून चिडवायचे. आता नाही चिडवत. ही विद्या ती माझ्या दादाच्या घरात शिकली. गाडीचं दार कसं लागलं, किल्ली खुंटीला अडकवली की टेबलावर आपटली, यावरून संध्याकाळ कशी जाणार हे तिला कळायचं.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. लोक विचारतात, सख्ख्या भावाला सोडून वहिनीची बाजू कशी घेतलीस? वहिनीचा सुजलेला कान ज्यांनी पाहिला नाही, त्यांनीच असले प्रश्न विचारावेत. दोन पोरं आणि अंगावरचे कपडे घेऊन ती निघाली तेव्हा मीही निघाले. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. ती शिंप्याच्या दुकानातलं काम घरी आणते. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, असलं काहीबाही. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. दारावर पाटी नाही. कुणी विचारलंच, तर 'नवरा परदेशी असतो'. दादाला आमचा पत्ता माहीत नव्हता. माझा नंबर मात्र होता, कारण आई त्याच्याजवळ राहते.

आमच्या घरात सगळं दबक्या आवाजात चालायचं. पोरंसुद्धा कुजबुजतच मोठी झाली. एक दिवस थोरली शाळेतून आली आणि माझ्या कानाला लागली, "आत्या, वर्गातल्या मुलींनी पॉडकास्ट केलाय. आपण करू या ना!"

वहिनीने ऐकलंच. "नको. आपला आवाज बाहेर जायला नको."

"मग मी बोलू कधी, आई?" थोरलीने विचारलं. भांडून नाही, अगदी साधं विचारलं. वहिनी बराच वेळ टाचणीचं टोक बोटावर टेकवत बसली. मग अटी आल्या. नाव नाही, शाळा नाही, गाव नाही. तिचा आवाज नाही. आणि कुठेही पाठवण्याआधी ती स्वतः ऐकणार.

मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण आत्या म्हटल्यावर कळत असल्यासारखं वागावं लागतं. आम्ही कपड्यांच्या कपाटात शिरलो, कारण लोंबत्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. फोनला धाकट्याचा मोजा घातला, नाहीतर 'प' आणि 'फ' म्हटलं की फुसफुस व्हायची. थोरली आधी बोलायचं ते ठरवून घ्यायची, चुकली की टाळी वाजवायची, म्हणजे नंतर कुठे कापायचं ते सापडायचं. पॉडकास्टचं नाव ठेवलं 'ओळखा पाहू'. सुरुवातीला घरातला एक आवाज, मग तो कशाचा ते ओळखायचं, मग त्याची गोष्ट. शिलाई मशीन, गळका नळ, कपाटाची कुरकुरणारी बिजागरी. कपाटात गुदमरत का होईना, थोरली मोठ्याने बोलली. तिचा खरा आवाज इतका खणखणीत आहे हे मला तेव्हा कळलं.

सुरुवातीला काहीतरी संगीत हवं होतं. धाकट्याचे समोरचे दात नुकतेच आले होते, आणि दातांबरोबर शीळही आली होती. त्याने ओठांचा चंबू केला. दोन लांब सूर आणि शेवटचा वर चढवलेला. "बस्स, हेच!" मी म्हणाले. आमचे अण्णा संध्याकाळी आम्हा भावंडांना खेळातून घरी बोलवायला हीच शीळ घालायचे. पुढे दादा घालायला लागला. मी केर काढताना हळूच घालते. आमच्या घरात तिच्याकडे लक्ष कोण देणार?

वहिनी हेडफोन लावून डोळे मिटून प्रत्येक भाग ऐकायची. मागे बसवाल्याची हाळी आली, कापायला लावली. शाळेची घंटा आली, कापायला लावली. कारखान्याचा भोंगा पुसट ऐकू आला, तोही कापायला लावला. शीळ वाजली तेव्हा मात्र ती चक्क हसली होती.

भाग फक्त वर्गातल्या पालकांना पाठवले. पण कौतुकाला पाय फुटले. कुणी मामीला पाठवले, मामीने आणखी कुणाला.

मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवत होते तेव्हा फोन वाजला. आईचा असेल म्हणून उचलला.

"बारके," दादा म्हणाला, "पोरगा काय छान शीळ घालतो गं."

मी हातातला चष्मा काउंटरवर ठेवला. "कोणाचा पोरगा?"

"अण्णांची शीळ आहे ती. दुसऱ्या कोणाच्या पोराला येणार?" तो शांत होता. दादा ओरडतो तेव्हा मी घाबरत नाही, शांत असतो तेव्हा घाबरते. "सगळे भाग ऐकले. मशीन पायाचं आहे. जिना दगडी, आवाज घुमतो. एका भागात भोंगा आहे, अर्धा कापलाय, अर्धा राहिलाय. एकेक ओळखतोय. मजा येते." हसला आणि फोन ठेवला.

आजोबांना तसंच सोडून मी घरी पळत आले. वहिनीला सांगितलं. ती रडली नाही. हेडफोन लावून पहिला भाग पुन्हा ऐकला आणि काढून मांडीवर ठेवला.

"शीळ मला ऐकूच आली नाही, वन्सं."

"अगं, तू हसली होतीस!"

"हो." ती मशीनच्या चाकाकडे बघत बोलत होती. "ज्या दिवशी ते शीळ घालत जिना चढायचे, त्या दिवशी मारायचे नाहीत. ती ऐकली की माझं अंग सैल पडायचं. सगळ्या आवाजांची भीती वाटते मला. त्या एकाचीच नाही."

मला दादाचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती. आम्ही सगळे भाग पुसले. थोरलीने फोनचा मोजा काढून ठेवला. धाकटा तोंडावर हात दाबून कोपऱ्यात उभा होता. "आई, ती घरी बोलवायची शीळ आहे ना? मी बोलावलं का बाबांना?"

"नाही रे राजा," वहिनीने त्याला पोटाशी धरलं. "तू नाही बोलावलंस."

चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "आला तर लगेच कळवा." कळवायला कोण उरेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं, वहिनीने माझा हात दाबला. घरी येऊन मी बॅग काढली आणि पोरांचे कपडे कोंबायला लागले. वहिनीने ते एकेक करून बाहेर काढले.

"पुन्हा पळायचं? आणि तिथे काय, पुन्हा कुजबुजायचं?" तिने रिकाम्या बॅगेची चेन ओढून लावली. "सगळ्या इमारतीला सांगते मी. घरोघरी जाऊन."

"काय सांगणार? त्यांना तो दिसतो कसा हे तरी माहीत आहे का?"

फोटो नव्हता. तिने निघताना फोनसुद्धा तिथेच टाकला होता. माझ्याकडचे सगळे मी रागाच्या भरात केव्हाच पुसले होते. दादा स्वतःच्या नंबरावर गाडीचा फोटो लावतो. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वन्सं, तू चल माझ्याबरोबर."

तळमजल्यापासून सुरुवात केली. पहिलं दार तिने स्वतः वाजवलं. मग एका दमात म्हणाली, "माझा नवरा परदेशी नाही. तो आम्हाला शोधतोय. मला मारायचा. आला तर त्याला आमचं दार दाखवू नका, आम्हाला हाक मारा." आणि माझ्या हनुवटीला धरून तिने माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "असा दिसतो. हेच डोळे, हेच नाक. उंचीला जास्त."

लोक बघायचे. लहानपणापासून 'अगदी भावाचं तोंड घेतलंय' हे कौतुक म्हणून ऐकत आले होते मी. दुसऱ्या मजल्यावर मास्तरांनी चष्मा वर सारून मला न्याहाळलं आणि मान हलवली. कुणी धीर दिला, कुणी नुसतंच दार लावून घेतलं.

शेवटचं दार आमच्या शेजारणीचं. तिची छोटी रोज माझ्या कडेवर येणारी. वहिनीचं बोलणं ऐकत ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि बघता बघता आईच्या मागे लपली. मला वाटलं, पदराने तोंड झाकून घ्यावं. पण हनुवटीखालचा वहिनीचा हात लटलट कापत होता. मी हलले नाही.

"नीट बघून ठेव, बाळा," मी म्हणाले.